पाणाड्याचा कोर्स

खंडेनवमीला पाटावर काय मांडावं याला आता घराघरांत काही धरबंध राहिलेला नाही, हे कबूल. पण जयसिंगाने यंदा जे मांडलं ते पाहून उषाआक्कांच्या हातातलं आरतीचं ताट जागच्या जागी थांबलं.

पाट तसा आधीच भरलेला होता. हत्यारांची पूजा म्हणून कोयता, पहार, खुरपी होती. जयसिंगाच्या लेकीचा, आरोहीचा लॅपटॉप होता. कळांमध्ये कुंकू जाऊ नये म्हणून तिने त्याला पिशवी घातली होती. जयसिंगाचा धाकटा भाऊ शंभू प्लॉट विकायचा, तेव्हा त्याचे दोन मोबाइल आणि करारांची जाडजूड फाइल होती, कारण त्याचं हत्यार तेच. मधोमध तांदळाच्या राशीवर घराण्याचा नारळ होता आणि त्याच्याजवळ वडिलांची, आबांची, पाणी शोधायची उंबराची जुनी बेचकी. या दोन वस्तूंवर तीन पिढ्या जेवल्या होत्या, म्हणून पहिला मान त्यांचा.

जयसिंगाने खिशातून चौघडी घातलेला कागद काढला, उलगडला, नारळाच्या अगदी शेजारी ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

"दादा, ह्ये काय?" शंभूने विचारलं.

"फारम हाय."

"कसला फारम?"

"कोर्सचा. पाणी बघायच्या मशीनचा. आज सहापत्तुर पैसे भरायचेत."

आरती सुरू झाली होती आणि आरती अर्धवट सोडत नाहीत, म्हणून सगळ्यांनी ती पुरी म्हटली. पण डोळे एकाचेही देवीकडे नव्हते. टाळ्या वाजत होत्या आणि सहा माणसांपैकी चार जण त्या कागदावरचे आकडे वाचायची खटपट करत होते. शंभूला आकडा दिसला तेव्हा त्याचा सूर वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

मुठा गावात कोंडाजी पाणाड्या म्हटलं की अजून लोक हात जोडतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून कोंडाजीआबा शेतातून चालत, आणि जिथे खाली पाणी असेल तिथे नारळ आपला आपण उभा राही. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी गावाला विहीर दाखवली. तिचं पाणी आजतागायत आटलेलं नाही. आता आबा ब्याऐंशीचे होते आणि त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येत होतं.

त्यांच्यामागे ही गादी जयसिंगाकडे आली. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो जन्माला पायाकडून आला, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं हे जगजाहीर असल्यामुळे त्याचं करिअर पाचव्या मिनिटालाच ठरलं. पुढे रक्तगट ओ पॉझिटिव्ह निघाला, तेव्हा तर सोन्याहून पिवळं झालं. कारण नारळ फक्त त्याच रक्ताच्या हातात उठतो असं हल्लीच्या पाणाड्यांचं शास्त्र होतं. शंभूचं रक्त बी निघालं. शंभू दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवशी एजंट झाला आणि नंतर कधी रडल्याचं ऐकिवात नाही.

सव्वीस वर्षं जयसिंग नारळ घेऊन हिंडला. आधीची वीस बरी गेली. खाचराच्या कडेला, ओढ्याच्या काठाला विहीर घ्यायची असेल तर नारळच काय, भोपळा घेऊन फिरलं तरी पाणी लागतं. पण आता शहरातल्या लोकांना पाणी हवं होतं ते टेकाडावर, व्ह्यू असलेल्या प्लॉटवर, जिथे कातळाखाली कातळ आणि त्याखाली पुन्हा कातळ. या सहा महिन्यांत अकरा बोअर मारले, त्यातले सात कोरडे गेले. स्वतःच्या अंगणातला तर पाच वर्षांपूर्वीच गेला होता. चारशे फूट धूळ काढून पाइप कापला आणि वरून फरश्या टाकल्या. त्या फरशीवर आता शंभूची पांढरी गाडी उभी असायची. आज तर झेंडूचे हार घालून ती नवरदेवासारखी नटली होती.

त्यात श्रावणात एक गोष्ट घडली. कासार आंबोलीच्या एका बंगल्यावर मालकाने नारळही बोलावला आणि मशीनही. मशीन घेऊन मृण्मयी नावाची चोवीसेक वर्षांची पोरगी आली. तिने जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकल्या, वायरी जोडल्या, वहीत आकडे लिहिले आणि म्हणाली, "इथे दीडशे फुटांपर्यंत अखंड कातळ आहे." नारळ म्हणाला, साठ फुटांवर पाणी. मालकाने थोरांचा मान ठेवून नारळाचं ऐकलं. दोनशे फूट धूळ निघाली. ती पोरगी हसली असती तर जयसिंगाला परवडलं असतं. तिने त्याला चहा दिला आणि वही उघडून आकडे कसे वाचायचे ते दाखवलं. जयसिंग ती वही बघत राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला खाली काय आहे हे दाखवत होतं.

"ह्ये शिकता येतं?" त्याने विचारलं होतं.

येत होतं. पुण्यात, तीन महिने, शनिवार-रविवार. दहावी पास असणं पुरेसं. फी अडुसष्ट हजार, आणि एकदा भरली की परत नाही.

जेवणं झाली, पण कुणी पानावरून उठेना.

"मी म्हणते," रत्नाबाईंनी सुरुवात केली. त्या जयसिंगाच्या बायको आणि बोलायला कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. "एक्कावन्नाव्या वर्षी दप्तर घेऊन जाणार तुमी? दहावीला दोनदा बसलात. पोरीच्या वयाच्या पोरांत शिंगं मोडून वासरात बसायचं, आन मास्तरानं उभं केलं मंजी?"

"उभा राहीन," जयसिंग म्हणाला.

"तेवढं येतंय तुमास्नी. उभं राहायची सवय हाय घराण्याला."

आरोही खाली मान घालून हसली. फॉर्म तिनेच भरला होता, हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

"रत्ने, पैसे माझे हायेत. माझ्या एफडीतलं."

"मग मी कुटं म्हणलं शेजाऱ्याचं हायेत?"

उषाआक्का दोघा भावांहून मोठ्या. भुकूमला दिलेल्या. तिथे त्यांनी चार मजले चढवले होते आणि प्रत्येक खोलीत कॉम्प्युटरवाली दोन-दोन पोरं ठेवली होती. ती पोरं दिवसातून दोनदा अंघोळ करतात हा आक्कांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घोर होता.

"शीक बाबा, शीक," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात दोन भोकं पाडून ठिवलीस. दोन्ही कोरडी. आठवड्याला सहा टँकर घेते मी. सख्ख्या भावाचा नारळ म्हून गप बसले, दुसरा आसता तर त्याच्याच डोक्यात फोडला आसता."

"आक्का, तू तरी!" शंभू कळवळला. "अगं नाव काय हाय आपलं? कोंडाजी पाणाड्याचं घर! मी प्लॉट दाखवायला नेतो तवा दादा नारळ धरतो, नारळ हुबा राहतो, गिऱ्हाईक तितंच टोकन देतं. उद्या दादा म्हणला, थांबा, मला मशीन लावून बघू द्या, तर लोक काय म्हणतील? इतकी वर्सं काय करत हुतास?"

रोज रात्री जयसिंग स्वतःला हेच विचारत होता. तो शंभूला म्हणाला, "त्येच तर बघायचंय मला. काय करत हुतो ते."

या बोलण्याचा अर्थ शंभूला लागला नाही. तेवढ्यात अंगणात मोटार थांबली.

आला तो निषाद. यवतमाळकडचा, हिंजवडीत नोकरीला. कासार आंबोलीच्या टेकाडावरचा अकरा नंबरचा प्लॉट त्याने शंभूकडून घेतला होता आणि त्यावर जयसिंगाचा नारळ असा ताडकन उभा राहिला होता की निषादने त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या ऑफिसला पाठवला होता. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. चेहऱ्यावर मात्र धूळ.

"नमस्कार काका. सणाच्या दिवशी त्रास देतोय. सकाळी चारशे वीस फूट गेलो. नुसती पावडर."

जयसिंग उठून उभा राहिला. "माफी करा साहेब."

"नाही नाही काका, चूक माझीच असणार. त्या दिवशी तुम्ही नारळ धरला तेव्हा मी शेजारी फोनवर बोलत होतो. माझा एक कलीग म्हणाला, रेडिएशनमुळे नारळ डिस्टर्ब होतो. पुढच्या वेळी फोन गाडीत ठेवतो."

रत्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. शंभू मात्र एकदम खुलला. "बराबर! मोबाइल लई वंगाळ! मी म्हणणारच हुतो!"

"साहेब, तुमी इंजिनेर ना?" जयसिंगाने सावकाश विचारलं.

"हो. सॉफ्टवेअर."

"मग असं करता का, तीन महिने दम धरा. मी मशीन शिकायला जातोय. शिकून आलो की फुकट बघून देतो, कुटं हाय आन कुटं न्हाई ते."

निषादचा चेहरा उतरला. गणपतीने मूर्ती बदलतो म्हणून सांगावं तसं त्याला झालं.

"मशीन? काका, मशीनवाले आमच्या सोसायटीतसुद्धा येतात. तुमच्याकडे आलो ते... तुमच्याकडे गिफ्ट आहे म्हणून." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि तीन महिने नाही थांबता येणार. आईबाबांनी तिकडचं घर विकलं. पुढच्या महिन्यात ते इथे राहायला येतायत. बाबांना मी सांगून ठेवलंय, पाण्याचं बघितलंय म्हणून."

त्याने प्रसाद घेतला, आबांच्या पाया पडला, पाटावरच्या नारळाला हात जोडले आणि गेला. जयसिंग दारात उभा राहून त्याची मोटार वळेपर्यंत बघत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या पोराने दोन शिव्या घातल्या असत्या तर पेढा तरी गोड लागला असता.

"ऐकलंस?" शंभूने मांडीवर थाप मारली. "गिऱ्हाइकाला मशीन नकोच हाय! अडुसष्ट हजार घालून तू धंदा बुडवणार."

"बुडंल तर बुडंल."

"आरं थांब, माझ्याकडं आयडिया हाय." शंभू पुढे सरकला. त्याला आयडिया सुचली की तो नेहमी पुढे सरके आणि समोरचा मागे. "मशीन आपण घेऊ. पैसे मी देतो, सगळे! पर कोर्स कशाला? मशीन नुसतं गाडीत ठिवायचं. प्लॉटवर गेलं की चार खुंट्या ठोकायच्या, वायरी पसरायच्या, येक लाल दिवा लावायचा. आन मग नारळ काढायचा. ज्याला शास्त्र पायजे त्याला शास्त्र, ज्याला देव पायजे त्याला देव. पॅकेज! वाचायला येत न्हाई ते कोण बघतंय?"

"आकडे काय सांगायचं लोकास्नी?"

"जे नारळ सांगंल तेच."

उषाआक्का खो खो हसल्या. "शंभ्या, तू मेल्यावर यमाला बी प्लॉट विकशील."

"हास तू. पर आक्का, दिवाळीनंतर भुकूमच्या तुझ्या मागल्या जागेला गिऱ्हाईक घिऊन येतोय मी. सांगितलंय, पाण्याची खात्री. दादा मशीन शिकून आला आन कागदावर सही करून दिली, हितं पाणी न्हाई म्हून, मग?"

आक्कांचं हसू थांबलं. त्यांनी पानातली उरलेली पुरणपोळी बोटाने बाजूला सारली आणि थोरल्या बहिणीच्या मायेने जयसिंगाकडे वळल्या.

"मी काय म्हणते जयसिंगा. येवढी घाई काय हाय शिकायची? पुढल्या वर्षी शीक की. तुझं वय कुटं चाललंय?"

"आता म्हणलीस ना, शीक बाबा?"

"ते रागानं म्हणले. रागातलं मनावर घेतात का?"

जयसिंगाला हसावं की रडावं कळेना. त्याने बायकोकडे पाहिलं. आता उरलेला टोला तिथून यायचा होता.

"भावजी," रत्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदललेला होता, "तुमची आयडिया चांगली हाय. पर येक सांगू? बोअर कोरडा गेला की हे त्या दिवशी जेवत न्हाईत. मला म्हणतात, पोट बिघडलंय. सहा महिन्यांत सात डाव पोट बिघडलं. तुमचं टोकन झालं की तुमी हॉटेलात जाता, आन हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडतात. नारळ कळत न्हाई, त्यात मशीन बी न कळणारं घिऊन हिंडायचं? ह्यापरीस येक तरी गोष्ट कळू द्या की माणसाला. जाऊ द्यात शाळेत. डबा मी देईन."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. पोट बिघडलेलं नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं आणि ती मुकाट ताक करून देत होती.

"पप्पा, सव्वापाच झालेत," आरोही म्हणाली.

"अगं तूच भरला का फारम?" आक्कांनी तिला धरलं. "तरीच! आडात न्हाई ते पोहऱ्यात कुटनं आलं म्हणलं! बरं, तुमचं खरं न्हाई आन आमचं बी न्हाई. नारळाला इचारा. कौल लावा. घराण्यातलं सगळं नारळानं ठरलंय, ह्ये बी त्यालाच ठरवू दे. जयसिंगानं नारळ धरावा आन इचारावं, कोर्स करू का. हुबा राह्यला तर कर. न्हाई राह्यला तर फारम चुलीत."

शंभूने टाळी दिली. अशी पाचर त्याला स्वतःला सुचली नव्हती. जयसिंगाने नाही म्हणावं तर नारळ खोटा ठरतो, आणि तीन पिढ्यांचं अन्न खोटं ठरतं. हो म्हणावं आणि नारळ पडून राहिला तर कोर्स गेला. आणि उभा राहिला, तर आपल्याला काही कळत नाही, मशीन शिकून ये, असं खुद्द नारळच सांगणार.

जयसिंगाने नारळ उचलला. डाव्या तळहातावर आडवा ठेवला, डोळे मिटले.

करू का?

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग नारळ हलला. शेंडीकडची बाजू जड झाल्यासारखी वाटली, दुसरी हलकी. नारळ हळूहळू वर यायला लागला. आक्कांनी श्वास धरला. आणि जयसिंगाला अंगठ्याच्या मुळाशी तो बारीकसा ताण जाणवला. तो ताण त्याच्या ओळखीचा होता. सव्वीस वर्षं दर खेपेला तो तिथे असायचा, आणि तो नारळामुळे येतो की नारळ त्याच्यामुळे उठतो, हे त्याने एकदाही तपासून पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक समोर असायचं, शंभू मागे असायचा. तपासायला सवड कुणाला होती?

नारळ अर्धा उठला असतानाच त्याने डोळे उघडले आणि तो परत तांदळावर ठेवून दिला.

"आबा, येक इचारू?"

आबा भिंतीला टेकून दुधात पोळी कुस्करत होते. मघापासून त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"नारळ आपसूक हुबा राहतो, का आपण करतो?"

"दादा!" शंभू ओरडला. "सणासुदीला काय वंगाळ इचारतोयस!" आक्कांनी तर चक्क कानावर हात ठेवले. हा प्रश्न या घरात कुणी कधी विचारला नव्हता. चोराच्या घरी चोरीबद्दल बोलतील, पण हे नाही.

आबांनी वाटी खाली ठेवली. त्यांना नीट ऐकू आलं होतं.

"मला न्हाई ठाव," ते म्हणाले.

"मंजी?"

"मंजी न्हाई ठाव. माझ्या हातात हुबा राह्यचा. का, ते म्या कधी बगितलं न्हाई."

"आज्याला इचारलं न्हाईत?"

"काय इचारू? आपसूक राहतो म्हणला आसता, तर मला पटलं नसतं. आपण करतो म्हणला आसता, तर दुसऱ्या दिशी कुठल्या तोंडानं लोकाच्या वावरात गेलो आसतो? म्हून इचारलंच न्हाई." आबांनी मिशीवरचं दूध पुसलं. "तू बी येवढी वर्सं इचारलं न्हाईस. शाना हुतास. आज काय झालं?"

"आज तो यवतमाळवाला पाया पडून गेला."

आबांनी पुन्हा वाटी उचलली. जयसिंगाला वाटलं, झालं, म्हातारं परत बहिरं झालं. पण ते बोलले तेव्हा घरातल्या कुणी त्यांना तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

"गावची ती हीर. बहात्तरची. तिच्यावर माझं सगळं नाव. पन्नास वर्सं मी रोज तिच्यावरनं जातोय, आन रोज वाटतंय, ती म्या शोधली, का तितं कुटं बी खणलं आसतं तरी लागलंच आसतं? आडाण्याचं नशीब, का माझ्या हातात कायतरी हुतं?" आबांनी जयसिंगाकडे बोट केलं. "भर पैसं. शीक. आन शिकून आलास की मशीन पयलं तितं लाव. चारी बाजूनं लाव. काय निघंल ते मला येकट्याला सांग, शंभ्याला न्हाई. आन लांबवू नगंस. मला लई दिस न्हाईत."

मुठ्यात घरात बसून मोबाइलला रेंज मिळाली असती तर पुढचं घडलं नसतं. पण रेंज फक्त अंगणाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ यायची, म्हणून बापलेक तिथे गेले. हातात वाटी घेऊन आबाही ओट्यावर येऊन बसले.

"पप्पा, इथे बरोबरची खूण करा. फी परत मिळणार नाही हे मला मान्य आहे."

"मान्य हाय." जयसिंगाने बोट टेकवलं. या खेपेला बोट कोण हलवतंय याबद्दल त्याला शंका नव्हती. आकडा आला, आरोहीने तो घातला, चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण उमटली.

तोवर शंभू फणफणत बाहेर आला होता. पाटावरचा नारळ त्याच्या हातात होता.

"शिका, मशीन शिका! उद्या दसऱ्याला माझ्याकडं चार गिऱ्हाइकं यायचीत, त्यांचं काय? मीच धरतो आता. गिऱ्हाइकाला काय रक्तगट दिसतोय?"

त्याने गाडी दोन हात मागे घेतली, मोकळ्या झालेल्या फरशीवर उभा राहिला आणि दादा करतो तसा तळहात पुढे करून नारळ आडवा ठेवला. डोळेही मिटले. मिटल्यावर एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं. बी पॉझिटिव्ह रक्ताचा, डोक्याकडून सरळ जन्मलेला, उभ्या आयुष्यात एक दिवस पाणी न पाहिलेला शंभू.

नारळ ताडकन उभा राहिला.

"आबा! दादा! आरं बघा!" शंभूचा आनंद पोटात मावेना. रक्तगटापायी दोन दिवस रडलेलं ते पोर इतक्या वर्षांनी हसत होतं. "पयल्याच खेपेला! माझ्या हातात बी हाय रं!"

दारातून आक्कांनी भक्तिभावाने हात जोडले. रत्नाबाई हसू दाबायला आत पळाल्या. शंभू उभा होता तिथे फरशीखाली, सगळ्यांना पाठ असलेला, कापलेला पाइप होता आणि त्याच्याखाली चारशे फूट धूळ.

आबांनी त्या उभ्या नारळाकडे पाहिलं. फरशीकडे पाहिलं. मग त्यांनी जयसिंगाला हाताने जवळ बोलावलं आणि तो वाकल्यावर, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "जयश्या, त्या हिरीचं ऱ्हाऊ दे. तितं नगं लावू मशीन."

जयसिंगाने आबांच्या हातातली कलंडू लागलेली वाटी सरळ केली.

"पैसं भरलं, आबा," तो म्हणाला. "आता परत मिळत न्हाईत."